चार्जिंगची सिगारेट

मी नेमकं काय काम करते, हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत कुणाला नीट सांगता आलं नाही. देवरूखच्या पुढे डोंगरात आमचं गाव. गावातून कॉलेज पुरं केलेली पहिली मुलगी मी. पोरगी बी.एस्सी. झाली, हे ते एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ऐकवत. पण त्या माणसानं "मग आता करते काय?" असं विचारलं की त्यांची पंचाईत व्हायची. एकदा रत्नागिरीला दवाखान्यात आले, कोपऱ्यात बसून माझं काम बघितलं आणि जाताना म्हणाले, "लोकांवर ओरडायचा पगार देतात होय तुला?"

अगदीच चूक नव्हतं ते. अठ्ठ्याण्णव साली मी छातीच्या एका डॉक्टरांकडे लागले आणि त्यांचं फुप्फुस तपासायचं मशीन चालवत राहिले. नाकाला चिमटा, तोंडात नळी. पेशंटनं छातीत मावेल तेवढी हवा भरून घ्यायची, मग एका दमात जोरानं बाहेर सोडायची आणि संपली असं वाटलं तरी सोडत राहायची. इथेच सगळी गोम आहे. संपली असं वाटतं तेव्हा आत बरीच शिल्लक असते. आपला कोकणी माणूस दुसऱ्याच्या घरी चहा अर्धा ठेवावा तसा अर्धा श्वास ठेवून नळी सोडतो आणि वर माझ्याकडे बघून हसतो. म्हणून ओरडावं लागतं. "सोडा, सोडा, सोडा! अजून! अजून! आहे अजून!" आमच्या खाली कापडाचं दुकान होतं. तिथल्या एका नव्या गिऱ्हाइकानं घाबरून मालकाला विचारलं होतं, "वर बाळंतपण चाललंय काय हो?"

नमुने फार बघितले. एका निवृत्त हेडमास्तरांनी "आपण ओरडू नये, मला सूचना समजते," असं सांगून इतकं सभ्य फुंकलं की मशीनला ते फुंकणं कळलंच नाही. एकांची कवळी फुंकीबरोबर बाहेर आली. गुहागरकडची एक म्हातारी मात्र पहिल्याच फुंकीला आलेख असा काढून गेली की डॉक्टर बघतच राहिले. म्हणाली, "चुलीसमोर जल्म गेला. फुंकायचं मला काय शिकवतेस?" मशीन खरं बोलतं, पण माणूस खरं फुंकला तरच. त्याला खरं फुंकायला लावणं ही माझी विद्या, आणि मला तिचा अभिमान आहे. डिग्री भिंतीवर आहे, पण घसा मी स्वतः कमावलेला आहे.

आता अब्बासभाईंची गोष्ट. साल दोन हजार आठ-नऊच्या आसपासचं.

अब्बासभाई रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातले तांडेल. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. जाळं कुठे टाकायचं ते तो ठरवतो आणि जाळं रिकामं आलं तर शिव्या इतरांना देतो. साठीला आलेले, आवाज असा की बंदरावर त्यांनी भावाला, हमीदला, हाक मारली की भलतेच चार हमीद धावत यायचे. त्या वर्षी त्यांनी नवी होडी बांधायला घातली होती. नारळी पौर्णिमा झाली की ती पहिल्यांदा दर्यात जायची आणि सुकाणू अब्बासभाईंच्याच हातात असायचं, हे ठरलेलं. आड आला हर्निया. सर्जननं सांगितलं, ऑपरेशन करू, पण आधी सिगारेट बंद आणि खोकला बंद. "मी टाके घालणार आणि तुम्ही खोकून उसवणार, हा धंदा मला परवडत नाही. आणि तसेच दर्यात गेलात आणि आतडं अडकलं, तर तिथे कोण कापणार? खलाशी?"

छातीचा दाखला आणायला म्हणून त्यांना आमच्याकडे पाठवलं. सोबत त्यांच्या बायको मरियमभाबी. अब्बासभाईंनी पोटाला पट्टा बांधला होता, वर एका हातानं पोट धरलेलं, दुसऱ्या हातात नळी. मी त्यांना बेतानंच फुंकायला लावलं, तरी अर्ध्यावरच खोकल्याची अशी उबळ आली की मशीनचा कागद उडाला. छाती वयापेक्षा बरीच म्हातारी निघाली.

"सोडायला लागेल, अब्बासभाई," डॉक्टर म्हणाले.

"सोडली असं समजा."

भाबी मागून म्हणाल्या, "डॉक्टरसायब, ही 'सोडली असं समजा' मी लग्न झाल्यापासून समजतेय."

त्यानंतर मेच्या अखेरीला त्यांचा जावई शारजाहून सुट्टीवर आला. इम्तियाज, मोठ्या आयशाचा नवरा. तिकडे एसीच्या कंपनीत होता. सासऱ्यांची अडचण त्याला फोनवर कळलेली. अत्तर, बदाम आणि टायगर बाम यांच्यासोबत त्यानं एक लांबट डबी आणली. आत सिगारेटसारखी दिसणारी नळी, दोन बाटल्या आणि चार्जर.

मला हे कसं कळलं ते सांगते. एका सकाळी बाहेरून आरडाओरडा ऐकू आला. धावले. अब्बासभाई बाकावर बसलेले, अंगातून पाणी निथळतंय, आणि समोर आमच्या प्रमिलाताई रिकामा तांब्या घेऊन उभ्या. प्रमिलाताई म्हणजे आमच्या नंबर लावणाऱ्या. दम्याच्या पेशंटांत बसून एक माणूस सिगारेट ओढतोय, टोकाला लाल निखारा आहे, तोंडातून पांढरा लोट निघतोय, हे बघून त्यांनी माठातून तांब्या भरून अंगावर ओतला होता.

"पेटलीच नाय तर विझवतेस काय, बाय?" अब्बासभाई विचारत होते.

"लाल दिसतंय ते काय मग?"

"तो बल्ब हाय!"

"सिगारेटला बल्ब?"

"विडी पेटवतात. ही चार्ज करतात. उद्या मोबाईल कानाला लावला तर त्याच्यावर पण पाणी मारशील!"

दम्याचे पेशंट दम विसरून जवळ जाऊन बघू लागले. एकानं विचारलं, "रेंज किती हाय?" सोबत आलेल्या भाबींनी ती नळी ओढणीनं पुसून तिच्याच आड ठेवली. घरी गेल्यावर ती तांदळाच्या डब्यात पुरली आणि दुसऱ्या दिवशी चालू झाली, हे मला नंतर समजलं. त्यांच्याकडचे भिजलेले मोबाईल तसेच बरे होत.

डॉक्टरांनाही ही वस्तू नवीन. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि मग जे सांगितलं ते मी पुढे कितीतरी जणांना सांगितलंय. सिगारेटमध्ये तंबाखू जळतो. जळण्यातून डांबर निघतं, कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि माणसाला मारण्याचं मोठं काम हा धूरच करतो. या नळीत काही जळत नाही. आत एक द्रव गरम होतो आणि त्याची वाफ होते. नाटकात इंद्राच्या दरबाराला खालून ढग सोडतात ना, साधारण त्यातलाच प्रकार. तेव्हा डांबर नाही. पण निकोटीन आहेच, म्हणजे सवय जागची हलत नाही. "आणि बाकी काय काय आहे, आणि वीस वर्षांनी छातीत काय करील, ते मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "माहीत आहे असं जो म्हणेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

अब्बासभाईंनी यातलं पहिलं वाक्य घेतलं, उरलेलं आमच्याकडेच ठेवलं.

दवाखान्यात एका औषध कंपनीनं दिलेलं छोटं मशीन होतं. श्वास रोखून धरायचा, मग त्यात हळू सोडायचा. कार्बन मोनॉक्साइड किती ते आकड्यात दिसतं. गेल्या काही तासांत कुणी सिगारेट ओढली असेल तर ते लपत नाही. अब्बासभाईंचा पहिला आकडा बघून प्रमिलाताई म्हणाल्या होत्या, "रिक्षाचा यापेक्षा बरा येईल." सर्जननं सांगितलं, दर आठवड्याला या मशीनवर फुंका, खोकला गेला की तारीख देतो.

नळी आल्यावर पहिल्या आठवड्यात आकडा साफ खाली. जवळजवळ माझ्याइतका. अब्बासभाईंनी तो भाबींना दाखवला, प्रमिलाताईंना दाखवला, खाली जाऊन कापडवाल्याला सांगितला. दुसऱ्या आठवड्यात आकडा पुन्हा वर, रिक्षाच्या जवळ.

"ओढलीत," मी म्हटलं.

"नाय."

"मशीन सांगतंय."

"मशीन बिघडलं तुझं."

मी स्वतः फुंकून दाखवलं. प्रमिलाताईंनी फुंकून दाखवलं. शेवटी भाबीच बोलल्या, "लाइट जाते ना, बाय."

आमच्याकडे तेव्हा भारनियमनाचा कहर होता. वेळापत्रक दर आठवड्याला बदलायचं. त्या आठवड्यात मिरकरवाड्याची वीज पहाटेपासून जायची. अब्बासभाईंच्या ओढण्यापुढे त्या नळीची बॅटरी जेमतेम टिकायची. वीज असेल तर नळी, वीज गेली की जुनं पाकीट. अब्बासभाईंच्या मते यात त्यांचा काही दोष नव्हता. "मी सोडली. वीज मंडळानं परत धरायला लावली," ते म्हणाले. खोकला अर्थातच होता तिथेच होता.

मी स्पष्ट बोलते, तो माझा स्वभाव आहे. मी म्हटलं, "दोन्ही ओढायच्या असतील तर ही नळी परत शारजाला पाठवा. थोडी सिगारेट, थोडी वाफ, यात छातीला काही सूट मिळत नाही. आणि दिवस चाललेत. होडी तुमच्यासाठी थांबेल, पण मोसम?"

हे मरियमभाबींना लागलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी इन्व्हर्टर आणला. गल्लीतला पहिला. नवऱ्याची सिगारेट चार्ज राहावी म्हणून! वीज गेली की अख्खी गल्ली त्यांच्याकडे मोबाईल लावायला, बायका मालिका बघायला. गर्दीत मधोमध अब्बासभाई वाफ सोडत बसलेले, इंद्रदरबार भरल्यासारखे. भाबी मला म्हणाल्या, "पूर्वी ते वर्षातून आठ महिने दर्यात असायचे तेव्हा बरं होतं. आता घरात बसतात, आणि बरोबर पन्नास माणसं."

आकडा मात्र खाली आला आणि खालीच राहिला. आणि मिरकरवाड्यात बातमी पसरली की छातीच्या डॉक्टरांच्या मशीननं चार्जिंगची सिगारेट पास केली.

मग गिऱ्हाइकं सुरू झाली. आखाती देशांतून येणाऱ्या प्रत्येकाला नळ्यांची ऑर्डर गेली होती. एक दिवस कॉलेजची तीन पोरं आली. नीट भांग पाडलेली, एकाच्या हातात नळी. "आम्हाला पण टेस्ट करायचीय."

"सिगारेट किती वर्षं ओढता?"

"छे! आम्ही सिगारेट कधीच नाही ओढली."

"मग ही कशाला?"

"सिगारेटपेक्षा चांगली ना?"

मी म्हटलं, "बाळा, सिगारेटपेक्षा चांगली हे सिगारेट ओढणाऱ्यानं म्हणायचं. तू तुलना तुझ्या कालच्या छातीशी कर. तिच्यात काहीच नव्हतं." एकानं लाजून नळी खिशात टाकली. दुसरा म्हणाला, "पण हिला स्ट्रॉबेरीचा वास येतो." असं म्हणतात तेव्हा मला माझी बी.एस्सी. निष्फळ वाटते. पुढे बऱ्याच वर्षांनी सरकारनं या नळ्यांवर बंदीच आणली. तोवर त्या तिघांतला एक तरी सवयीला लागला असणार. कोण, ते मला कधी कळलं नाही, आणि ते मनाला अजून खातं.

वासावरून आठवलं. इम्तियाजनं आणलेल्या दोन बाटल्यांतली पहिली पुदिन्याची होती. ती संपली आणि अब्बासभाईंनी दुसरी उघडली. तिच्यावर आंब्याचं चित्र. ते तसेच तडक दवाखान्यात आले, माझ्यापुढे बाटली आपटली. "हुंग."

हुंगली. साबणासारखा वास.

"हा आंबा हाय? रत्नागिरीच्या माणसाला, जून महिन्यात, हा आंबा? घरात हापूस पडलाय, मी तोंडात हे घेऊ?" त्यांना छातीची, आतड्याची, सर्जनची एवढी काळजी वाटलेली मी कधी पाहिली नव्हती. शारजाला परत गेलेल्या जावयाला त्यांनी फोनवर विचारलं म्हणे, माझी मुलगी दिली तुला, तू मला तोतापुरी देतोस?

त्यात आणखी एक झालं. बाटलीवर आंबा बघून शेजारच्या बाईनं ती इन्व्हर्टरशेजारून उचलली आणि आइस्क्रीममध्ये घालायला निघाली. भाबींनी वेळेवर हात धरला म्हणून बरं. मला कळलं तेव्हा मी भाबींवर ओरडलेच. तो द्रव पोटात जाणं म्हणजे थेट विष, लहान मुलाला तर थोडासाही. सिगारेटचं पाकीट निदान कोणी आइस्क्रीमवर घालत नाही. ही तुलना कुठल्या तक्त्यात बसते ते मला सांगता येणार नाही, पण भाबींनी त्याच दिवशी बाटली कुलपात टाकली.

जुलै संपत आला. अब्बासभाई सर्जनकडे गेले आणि तिथून तडक आमच्याकडे आले. खोकला कमी झाला होता, पण दिवसभर ती नळी तोंडात असल्यानं नाडी धावत होती, घसा कोरडा, खाकरणं चालूच. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, धूर गेला ते छान झालं, आता वाफही जाऊ द्या, मग बघू. म्हणजे ऑपरेशन आता होडी निघाल्यानंतर. पौर्णिमेच्या आधी जमणार नव्हतं.

ते माझ्यासमोर बसले. "बाय, तू शिकलेली हायस. मना एक सांग. दोन्हीत वाईट कुठली?"

"सिगारेट," मी म्हटलं. "यात शंका नाही."

"मग मी चांगली धरली, तरी डॉक्टर नाय का म्हणतो?"

मी म्हटलं, "माडावरून पडलं तर माणूस जातो. पेरूवरून पडलं तर हाड मोडतं. पेरू बराच म्हणायचा. पण अब्बासभाई, तुम्हाला झाडावर चढायला कोणी सांगितलंय?"

"मग नारळ कोण काढणार?"

"कसला नारळ? वर चढून मिळतंय काय तुम्हाला?"

  भाबी हळूच म्हणाल्या, "आयशाचे अब्बा, हमीद नेईल होडी. तुमचाच भाऊ हाय."

"नवी होडी हाय, मरियम."

"होडी पुढच्या साली जुनी होईल. तेव्हा तुम्ही असा म्हणजे झालं."

त्यांनी खिशातून नळी काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि खाली गेले. जिन्यात त्यांच्या खोकण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

ऑपरेशनचं सांगून टाकते. पुढे सप्टेंबरात झालं, नीट झालं, टाके उसवले नाहीत. फुप्फुसाच्या मशीनवरचा छातीचा आकडा मात्र वाढला नाही. अब्बासभाई यावर भांडले, एवढं सोडून मिळालं काय म्हणून. मी सांगितलं, गेलेली छाती परत मिळत नाही, घसरायची थांबते. हा त्यांना सरळ फसवणुकीचा व्यवहार वाटला. पुढच्या मोसमापासून सुकाणू त्यांच्या हातात होतं.

पण मला आठवतो तो होड्या निघाल्या त्या दिवशीचा दवाखाना. सकाळी गेले तर अब्बासभाई जिन्यात बसलेले. पांढरा झब्बा, डोक्याला तेल, दर्यात जायला निघालेल्या माणसासारखे.

"आज तुमची तारीख नाही," मी म्हटलं.

"ठाऊक हाय. बंदरावर उभा राहिलो तर कोणतरी पाकीट पुढं करणार आणि मी घेणार. घरात बसलो तर खिडकीतून डोलकाठ्या दिसतात. तुझ्याकडे ओढता येत नाय आणि दर्या दिसत नाय. बसू दे."

बसले. पहिला पेशंट केळशीचे एक गृहस्थ, पोस्टातून निवृत्त, इतके मऊ की नळीलाही त्रास होऊ नये असं फुंकणारे. मी ओरडले. दोनदा, तीनदा. काही नाही. तेवढ्यात दारातून आवाज आला, "अरे, चहावर फुंकर घालतोस काय? जाळं वर यायचंय! ओढ, ओढ, ओढ!" गृहस्थ दचकले आणि दचकण्यात त्यांनी असं फुंकलं की आलेख कागदाच्या वरपर्यंत गेला. डॉक्टर आतून डोकावले, आलेख बघितला, अब्बासभाईंकडे बघितलं आणि परत आत गेले. मग दुपारपर्यंत अब्बासभाई माझ्या शेजारी उभे होते. माझ्या घशाला त्या दिवशी सुट्टी मिळाली. खालचा कापडवाला वर येऊन बघून गेला.

एका रिक्षावाल्याची टेस्ट चालू होती तेव्हा अब्बासभाईंचा मोबाईल वाजला. त्यांनी तो कानाला लावला. मला शेजारूनही इंजिनाचा आवाज ऐकू येत होता आणि हमीद ओरडत होता, निघालो म्हणून. रिक्षावाल्याचा दम संपत आलेला, तो थांबू का म्हणून माझ्याकडे बघत होता. मी काही बोलायच्या आत अब्बासभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. फोन कानालाच होता.

"थांबू नको," ते म्हणाले, पहिल्यांदाच हळू आवाजात. "हाय अजून. जाऊ दे. जाऊ दे, जाऊ दे... सगळी जाऊ दे."

कागदावर रिक्षावाल्याची रेघ सरळ झाली, म्हणजे हवा पुरती संपली, तेव्हा इंजिनाचा आवाजही ऐकू येईनासा झाला होता. अब्बासभाईंनी फोन खिशात टाकला, बाहीनं तोंड पुसलं आणि दाराकडे वळून ओरडले, "पुढचा कोण हाय?"